वडाचा चीक

(वडाळ्यातल्या वस्तीत, पोरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. चारदोन शिव्या तेवढ्या गाळल्या.)



मला बोलावलंत ते कवितेवर बोलायला. मी आज कवितेवर बोलणार नाही. पाखरं धरण्यावर बोलणार आहे. वडाच्या चिकानं पाखरं कशी धरतात, कोण धरतं, आणि धरणाऱ्याला मग कोण धरतं, ह्यावर.

हसा, हसून घ्या. मागं बसलेला एक दोस्त म्हणतोय, 'च्यायला, हा कातकरी कधी झाला?' बरोबर. तिथूनच सुरुवात करू. 'कातकरी' हा शब्द आपल्या तोंडात शिवी म्हणून आला कसा? गावानं आपल्याला दिलेली एकेक शिवी आपण जपून ठेवली, तिच्यावर कविता लिहिल्या, त्या कविता छापून आणल्या. आणि आपण जी देतो ती आपल्याला ऐकूच येत नाही.

मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी हमाल. गोणी उचलतो, जहाजावरच्या पेट्यांचे साखळदंड आवळतो. तेव्हा पुस्तकातलं थोडं सांगेन, हाताला लागलं ते जास्त सांगेन.

माझं आजोळ कर्जतच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मधे गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. ओढा ओलांडला की कातकरवाडी. गावानं आम्हाला बाहेर ठेवलं, आणि आम्ही त्यांना आमच्याही बाहेर ठेवलं. आजी सांगायची, 'वढ्यापल्याड जाऊ नको रं. उंदरं खानारी मानसं ती.' आता माझ्या ह्याच आजीच्या बापानं मेलेली ढोरं ओढली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तो वारा वाडीवाडीत गेला, आणि आजीच्या बापानं सोडलं. उपाशी राहिला, पण सोडलं. आजीला त्याचा अभिमान होता. मलाही आहे. पण त्या अभिमानाला एक वाकडी फांदी फुटली. आपण सोडलं म्हणजे आता जो खातो तो आपल्या खालचा! गावाची उतरंड आपण शिव्या घालत घालत घरात आणून ठेवली.

मी जायचोच. मे महिन्याच्या सुट्टीत, आजी दुपारची पडली की. तिथं एक म्हातारा होता, त्याला मी आजा म्हणायचो. तो चीक करायचा.

चिकाला पहाटे निघावं लागतं, अंधारातच. ऊन चढलं की झाड देत नाही. रबराच्या मळ्यातले मजूरसुद्धा झाडं पहाटेच छेदतात आणि कारण तेच आहे. रात्रभर झाडाच्या अंगात पाणी भरतं, दाब चढतो. सूर्य वर आला, पानं पाणी उडवायला लागली की दाब उतरतो आणि धार आटते. हे मला पुढं एका पुस्तकात सापडलं. आजा म्हणायचा, 'ऊन आला का झाड हात आखडता घेतो.' मला तर त्याचंच वाक्य जास्त पटलं.

कोयत्याच्या टोकानं वडाच्या सालीवर तिरक्या खाचा घालायच्या. खोल नाही. चीक असतो सालीत, लाकडात नव्हे. खोल घाव घातला तर झाड दुखावतं आणि चीक काही जास्त निघत नाही. खाली पळसाच्या पानाचा द्रोण धरायचा. एका झाडावर चार-पाच खाचा झाल्या की दुसरं झाड. त्याच झाडाकडं लगेच परत यायचं नाही. वड, पिंपळ, उंबर, तिघांचाही चालतो. पण म्हातारा वडाला पहिला नंबर द्यायचा.

चीक म्हणजे झाडाची मलमपट्टीच. किड्यानं साल कुरतडली, पातं लागलं, की झाड तो सोडतं. तो हवेवर घट्ट होतो, जखम बुजते, किड्याचं तोंड चिकटून जातं. दुधासारखा दिसतो, त्यात रबराचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. नुसता ठेवला तर वाळून त्याचं रबर होतं, मग पाखराच्या कामाचा राहत नाही. म्हणून त्याला तेल लागतं. उत्तरेत ह्या चिकाला लासा म्हणतात आणि त्यात मोहरीचं तेल घालतात. आमचा आजा दुकानातलं सुटं गोडं तेल आणायचा आणि त्यापायी म्हातारीच्या शिव्या खायचा, कारण तेवढ्यात घरातली दोन दिवसांची भाजी झाली असती. खापरात चीक, खाली मंद आच, वरनं थेंबथेंब तेल, आणि काडीनं घोटत राहायचं. हात थांबवायचा नाही. पाणी उडून जातं, तेल आत मुरतं, आणि चीक वाळायचं विसरतो. मग दोन बोटांत घेऊन बोटं उघडून बघायची. तार धरली पाहिजे. तुटली तर कच्चा आहे. लोंबली तर तेल जास्त झालं, पाखरू निसटणार. ह्या दोन्हीच्या मधली जागा बोटांना कळते. मी तीन सुट्ट्या घालवल्या, मला कळली नाही. गोदीत विंचवाला नुसत्या दोराच्या आवाजावरनं वजन सांगतो ना, तसलं ते ज्ञान आहे. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

काड्या बांबूच्या. वीतभर, बारीक. आधी बोटांना तेल लावायचं आणि मग काडीवर चीक गुंडाळायचा, धरायला एक टोक कोरं ठेवायचं. आता खरी गोम ऐका. मला वाटायचं, काडी फांदीला गच्च बांधत असतील. अजिबात नाही! ती खाचेत नुसती टेकवायची, सैल. पाखरू बसलं की काडी त्याच्यासकट सुटते. ते पंख मारतं, काडी फिरते आणि दोन्ही पंखांना लागते. पाखरू स्वतःच स्वतःला गुंडाळून घेतं आणि खाली येतं.

जागा दोनच. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्याच्या काठची झुडपं, नाहीतर फळाला आलेला वड. पावसात चीक धरत नाही, धुळीत मरतो. म्हणजे हे हत्यार वर्षातले थोडेच दिवस चालतं. बाकीच्या दिवसांची सुट्टी पाखरांना झाडच देऊन टाकतं.

वड पिकला की हरियल येतात. हिरव्या-पिवळ्या पारव्यांचा थवा, पानांत शिरला की दिसेनासा होतो, नुसती शीळ ऐकू येते. हे पाखरू जमिनीवर सहसा उतरत नाही. झाड फळानं बोलावतं आणि तेच झाड चिकानं धरतं. मी कवी, मला मोह झाला. ह्यावर एक कविता केली. चांगली जमली होती. नंतर फाडली. कारण कवितेत सगळं सुंदर झालं होतं आणि हरियलाचं काळीज त्यातनं निसटलं होतं. मी ते काळीज मुठीत धरलंय, मित्रांनो. शिवणाच्या मशीनसारखं चालतं. पिसं उपटून निघतात. एकदा एक तांबट चिकटला, चिमणीएवढा, त्यात खायला काय असणार! आज्यानं त्याच्या पंखांना तेल चोळलं, राख लावली, चीक काढला आणि सोडला. तो उडाला. पण तेल लागलेल्या पंखांनी तो किती जगला असेल, सांगता येत नाही. चीक पाखरू निवडत नाही, हा त्याचा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. म्हाताऱ्यालाही मी संत करत नाही. रस्त्यावरच्या एका खानावळवाल्याला त्यानं दोन-तीनदा हरियल विकलेत आणि त्या पैशाची दारू प्यालाय. पण एरवीचा हिशेब असा: चांगल्या दिवशी सहा-सात पाखरं, त्यातले बहुतेक होले, आणि घरात खाणारी तोंडं नऊ.

हे धरणं गुन्हा आहे. केव्हापासून?

कातकऱ्याचं नाव पडलं कातावरनं. खैराचं लाकूड उकळून कात काढायचा हा ह्या लोकांचा धंदा. १८७८ च्या जंगल कायद्यानं इंग्रजानं जंगल राखीव करायचा सपाटा लावला, खैर सरकारजमा झाला, धंदा बुडाला. उरला कोळसा पाडणं, वीटभट्टी, आणि उचल घेऊन वर्षभर मालकाकडं बांधून घेणं. मग १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणं, सापळे आणि फास लावणं गुन्ह्यांच्या यादीत आहे. १९२७! आपण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला त्याच वर्षी ह्यांचा हात झाडावरून काढला. आणि १९७२. पँथर जन्मली ते साल आपण पाठ केलंय. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. सत्तावीस उलटं केलं की बहात्तर होतं. हा आकड्यांचा चाळा आहे, सोडून द्या.

१९७२ च्या कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनं साध्या गुन्ह्याचा दंडसुद्धा २५ हजारांवरून १ लाखापर्यंत गेला, आणि ३ वर्षांपर्यंतची कैद आधीपासून होतीच. १ लाख! आज्यानं आयुष्यात एकरकमी पाच हजार बघितलेले नाहीत.

तुम्ही म्हणाल, २००६ चा वनहक्क कायदा आहे की. आहे. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्या कायद्यात सरकारनंच लिहून दिलंय. जमीन, मध, बांबू, मासे, चराई, सगळ्याची यादी आहे. आणि शेवटी पोटकलम: वहिवाटीनं चालत आलेले बाकीचे सगळे हक्कही मान्य, मात्र शिकारीचा आणि फासे लावण्याचा सोडून. अन्याय कबूल करणाऱ्या कागदावर एकच हक्क नाव घेऊन बाहेर काढला.

मी असं म्हणत नाही की उद्यापासून ज्याला त्याला फास लावू द्या. पाखरं कमी झालीत, हे मला दिसतं. पण ती कमी कुणी केली, ह्याचा पंचनामा कधी झाला? राजस्थानात भरतपूरला जा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्याच्या पाहुण्यांनी तिथल्या पाणथळीत एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली. आकडा तिथं दगडावर कोरून ठेवलाय. आज्याची सहा-सात पाखरं धरा, वर्षातले वीस दिवस धरा, आणि भागाकार घरी जाऊन करा. तीसहून जास्त वर्षं लागतात.

आता ह्याच विद्येची दुसरी बाजू. लायन गेटसमोर 'हॉर्नबिल हाऊस' आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं. १८८३ ची संस्था. आपल्यातले कितीतरी जण रोज त्या दारावरनं जातात. १९५९ पासून ह्या संस्थेनं सलीम अलींच्या हाताखाली पाखरांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास काढला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. पाखरू धरायचं, पायात आकड्याचं वाळं घालायचं, सोडून द्यायचं. पुढं ते सैबेरियात सापडलं की कळतं, कुठनं कुठं गेलं. काम मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण जिवंत पाखरू पीस न मोडता धरायचं कुणी? डॉक्टरेटवाल्यांना ते येत नव्हतं. मग बिहारहून मीरशिकार आणले. ते आदिवासी नव्हेत, मुसलमान आहेत, पण पोटाची विद्या तीच: जाळं, फास, लासा. त्यांच्यातलं अली हुसेन हे नाव पाखरांच्या अभ्यासकांत गाजलं, आणि ते योग्यच झालं. त्याच भरतपूरला, जिथं ४,२७३ पाखरं पडली होती, तिथं ह्या लोकांनी हजारोंनी बदकं जिवंत धरून दिली. वाळ्यावर नाव संस्थेचं. धरणाऱ्याचं नाव वाळ्यावर मावत नाही, हे मला समजतं, जागा कमी असते. पण हात तोच, आणि एकीकडं त्याला मजुरी मिळते, दुसरीकडं बेडी. मधे फरक काय? साहेब शेजारी उभा आहे की नाही, एवढाच.

फ्रान्सचं ऐकाल तर गंमत वाटेल. चिकाच्या काड्या तिकडंही लावत. युरोपच्या १९७९ च्या कायद्यानं बंदी घातली, तरी फ्रान्समधल्या काही जिल्ह्यांत 'परंपरा' म्हणून सूट चालूच होती. ती तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २०२१ साली काढली. चाळीस वर्षं वकील, अर्ज, सुनावण्या. परंपरा गोऱ्या शेतकऱ्याची असली की तिला सुनावणी मिळते.

आणि परंपरेच्या नावावर काय काय खपतं, तेही बघा. २०१२ साली नागालँडात दोयांग धरणावर अमूर ससाण्यांची कत्तल उघडकीला आली. मंगोलिया-चीनकडनं आफ्रिकेला जाणारं पाखरू, वाटेत तिथं उतरतं. एका हंगामात लाखाच्या वर मेल्याचा अंदाज होता. पेपरवाल्यांनी लिहिलं, आदिवासींची जुनी सवय! धरण नवं, ससाणे पकडायची जाळी नायलॉनची, मासे धरायची, आणि पलीकडं बाजार. जुनं त्यात काय होतं? चीक दिवसाला सहा पाखरं देतो, कारण वड पहाटे तेवढाच चीक देतो. नायलॉनला पहाट लागत नाही. आपल्याकडंही फासे आता तंगूसचे आलेत. आणि दोयांगची कत्तल थांबवली कुणी? तिथल्या गावच्या पंचायतींनी, वर्षाच्या आत, २०१३ साली. त्यांच्याशी बसून बोललं गेलं म्हणून थांबली.

आज्याशी कुणी बसून बोललं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याला डबक्याजवळ धरला. पंचनामा मी वाचलाय. 'बांबूच्या काड्या नग नऊ. मातीचे खापर एक. त्यात चिकट पदार्थ अंदाजे पन्नास ग्रॅम. मृत पक्षी नग तीन.' पैकी दोन होले, एक हरियल. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, हे आज्याला तिथंच पहिल्यांदा कळलं. तो मला नंतर म्हणाला, 'राज्याचा हाय तर राज्यानं त्याला वड तरी ठेवायचं व्हतं पोरा.' रस्ता रुंद करताना तिथले अकरा वड गेले होते, ते मी मोजलेत.

पंचनाम्यावर पंच दोन. एक गावातला. दुसरा माझा मामेभाऊ. आपला. बौद्धवाडीतला. गळ्यात निळा रुमाल घालून जयंतीला नाचणारा. मी विचारलं, 'का सही केलीस रे?' म्हणाला, 'साहेब बोलला, कर. आणि दादा, कातकऱ्याचं काय एवढं घेऊन बसलास?' मी त्याला मारायला उठलो होतो. मग आठवलं, आजीचं वाक्य ऐकून मी पण हसायचो की लहानपणी.

म्हातारा अकरा दिवस आत राहिला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार नव्हता. मी गेलो. कारकुनानं पगाराची स्लिप मागितली. मी कंत्राटी, मला स्लिप कुठली? रोज टनावारी माल वाहतो, पण मी कुठं कामाला आहे ह्याचा कागद जगात नाही. आज्याकडं जमिनीचा कागद नाही, माझ्याकडं घामाचा नाही. दोघं दोन बाजूंना बसलो. शेवटी आजी, होय तीच आजी, ऐंशी वर्षांची, ती मामाला म्हणाली, 'सातबारा पेटीत ठिवून काय त्याचं लोनचं घालतोस? जा की.' मामा गेला. म्हातारा सुटला. आजीनं त्याला घरात बोलावून चहा दिला. कपात. कप वेगळा काढला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि तो गेल्यावर तिनं कप दोनदा घासला, तेही बघितलं. खोटं का सांगू?

खटला चालू आहे. आजा आता चीक करत नाही. नातवाला शिकवलेलं नाही, नातू वीटभट्टीवर आहे. तेल, तार, सैल काडी, हे मी इथं सांगितलं तेवढंच आता उरलं असेल, आणि तेही अर्धवट, कारण माझ्या बोटांना ते येत नाही.

पुढची तारीख येत्या बावीसला आहे. वकील फुकट उभा राहतोय, पण कोर्टात मागच्या बाकावर माणसं दिसली की फरक पडतो, असं त्याचं म्हणणं. ज्यांना यायचंय त्यांनी सहाच्या आत दादरला यावं, कर्जत लोकल धरू. तिकीट ज्यानं त्यानं काढायचं, डबा आपापला. त्या दिवशी पंचांची साक्ष आहे. माझ्या मामेभावाला पिंजऱ्यात उभा करतील आणि विचारतील, ह्या काड्या तुझ्यासमोर जप्त झाल्या का. तो काय सांगणार आहे, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.